लिनेट पहिलीत बसली

लेविया जहाजातून उतरली ती एका हातात पोरीचा हात आणि दुसऱ्या हातात कावाच्या मुळ्यांची जुडी घेऊन. त्या मुळ्यांचं पेय आमच्याकडे मानाचं; जुडी पाहिली आणि मला कळलं, ही सामान घरी टाकायच्या आधी चीफकडे जाणार. मेलबर्नला तीन वर्षं काढून आली होती, पण तेवढं विसरली नव्हती.

लेविया माझी चुलतबहीण. माझ्याहून लहान. आमच्या एमाए बेटावरच्या याच शाळेत आम्ही दोघी शिकलो. मी इथेच राहिले, पहिलीच्या वर्गाची बाई झाले. ती राजधानीला, पोर्ट व्हिलाला जाऊन शिक्षिका झाली, तिथल्याच काल्तांगशी लग्न केलं, आणि मग शिष्यवृत्ती मिळवून ऑस्ट्रेलियात 'आंतरराष्ट्रीय शिक्षण' या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायला गेली. नवरा आणि लहानगी लिनेटही बरोबर गेले.

"म्हणजे जगातल्या सगळ्या शाळांचं शिकायचं?" माझ्या आईनं पहिल्याच जेवणाला तिला विचारलं.

"तसंच काहीसं, काकू."

"मग आपल्या शाळेचं काय शिकणार? तिला तर छप्परही धड नाही."

लेविया हसली, पण जेवली थोडंसंच. तिला तिच्या प्रबंधासाठी पूर्ण एक सत्र माझ्या वर्गात बसायचं होतं. आमच्याकडे सरकारनं ठरवलं होतं की पहिली काही वर्षं पोरांना घरच्या भाषेत शिकवायचं, इंग्रजी नंतर. मी तसंच शिकवत होते. पोरं त्यानं कशी वाचायला लागतात ते तिला बघायचं होतं, ऐकायचं होतं, आईबापांशी बोलायचं होतं. विद्यापीठानं तिला परवानगी दिलेली होती. पण विद्यापीठाच्या परवानगीवर आमच्या गावात कुणी वर्गाचं दारही उघडलं नसतं. इथली परवानगी नाकामालात, गावाच्या बैठकीच्या घरात मिळते, चीफ आणि गावकऱ्यांसमोर.

शुक्रवारी दुपारी नाकामाल भरलं. पुरुष आत, आम्ही बायका दाराशी चटयांवर. लेवियाला मात्र मध्ये बसवलं होतं. लिनेट माझ्या मांडीवर होती. सहा वर्षांची, पायात पांढरे बूट, डोळे सगळीकडे भिरभिरणारे. तिला आमची भाषा येत नव्हती. देशभर चालणारी बिस्लामा कळायची थोडीफार, पण बोलता यायची नाही. काल्तांगनं मेलबर्नच्या घरात इंग्रजीशिवाय काही बोलायचंच नाही असा दंडक घातला होता.

"बोल पोरी," चीफ तारिमासू म्हणाले. म्हातारा माणूस, फार बोलत नाही, पण तो ऐकायला लागला की सगळे ऐकतात.

लेविया छान बोलली. आमच्याच भाषेत, एकही बाहेरचा शब्द न घालता. म्हणाली, जी भाषा पोराच्या कानात आहे तिच्यात अक्षर लवकर लागतं. एकदा वाचायचं कसं ते कळलं, की त्याच शिडीवरून इंग्रजीपर्यंतही चढता येतं. उलट कानात नसलेल्या भाषेत अक्षर शिकवलं, तर पोर फक्त घोकतं. मान डोलावणारे बरेच होते. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात मासोए उभा राहिला.

मासोए हा आमच्या गावचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मळ्यांवर फळं तोडायला कित्येक हंगाम जाऊन आलेला. त्याचा जोएल माझ्याच वर्गात होता. मासोएशेजारी त्याचा धाकटा भाऊ आबेल बसला होता. आबेलचा एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं त्याला नुसत्या सावल्या दिसतात.

"आबेल माझ्याबरोबर मळ्यावर होता," मासोए म्हणाला. "तिथे फवारणीच्या औषधाचं पिंप होतं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, हात लावू नका. याला वाचता आलं नाही. यानं त्यातल्याच पाण्यानं तोंड धुतलं. सांग ना रे हिला."

"मी काय सांगू," आबेल म्हणाला. "झालं ते झालं. मला कशाला मध्ये ओढतोस?"

"बरं, नाही ओढत. लेविया, तुझी शिडी असेल चांगली. मी तुझ्याइतका शिकलेला नाही, मला शिडीतलं कळत नाही. एकच सांग. तुझी लेक कुठल्या भाषेत वाचते?"

सगळ्यांच्या माना लेवियाकडे वळल्या. माझ्या मांडीवरच्या लिनेटनं आईकडे पाहिलं. सगळे आईकडे बघताहेत एवढं तिला कळलं होतं.

"इंग्रजीत," लेविया म्हणाली.

"आणि आपली भाषा?"

"अजून येत नाही तिला."

"म्हणजे आमच्या पोरांना शिडी आणि तुझ्या पोरीला विमान!"

सगळे खदखदून हसले. बायकाही हसल्या. लेवियाच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागूनही दिसल्या. मासोए मात्र हसत नव्हता.

"तिला पहिलीत बसव," तो माझ्याकडे हात करून म्हणाला. "डोरीनकडे. आमच्या पोरांच्या शेजारी, आमच्या पोरांसारखी, सगळं सत्र. मग तुला काय लिहायचं ते लिही. मी आडवा येणार नाही."

चीफनी लेवियाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पोरीकडेही पाहिलं नाही.

"बसवते," ती म्हणाली.

परतताना वाटेत मी तिला म्हटलं, "काल्तांगला विचारायचं तरी होतंस."

"तिथे उभं राहून फोन लावायचा होता का, ताई? सगळे हसत असताना?"

फोनला सिग्नल मिळतो तो डोंगरावर, चर्चच्या मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली, मी सोबत गेले. मेलबर्नला मागे राहिलेला काल्तांग इतका ओरडत होता की मला दोन पावलं लांब उभं राहूनही सगळं ऐकू आलं.

"पोरीवर प्रयोग करतेस?"

"प्रयोग कसला? शाळा आहे. मी तिथेच शिकले."

"शिकलीस, माहीत आहे. आणि नंतर पहिलं वर्षभर विद्यापीठात तोंड उघडायला तू घाबरायचीस. तू घरी येऊन रडायचीस. ते तुझ्या गावानं पाहिलं नाही, मी पाहिलं. सत्र संपलं की तिला इथल्या शाळेत परत बसायचंय. तोवर ही सगळं विसरली तर?"

"नाही विसरणार."

"कशावरून? तुझ्या पुस्तकात लिहिलंय म्हणून?"

लेवियानं फोन बंद केला आणि लगेच मार्गदर्शक बाईंना लावला. ब्रॉन्विन त्यांचं नाव. त्या ओरडल्या नाहीत. खाली उतरताना लेवियानं सांगितलं ते त्याहून वाईट होतं. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या मुलीला अभ्यासात धरता येणार नाही, तिची एकही नोंद नको. लेविया म्हणाली, तिचं नाव कुठेच येणार नाही. तर त्या म्हणाल्या, प्रश्न नावाचा नाही, आता त्या वर्गाकडे तू कुठल्या डोळ्यांनी बघणार ते सांग. परीक्षक विचारतील. विचार करून ठेव.

सोमवारी लिनेट माझ्या वर्गात बसली.

पहिले काही दिवस पोरांना तिचंच वेड होतं. तिचे बूट हात लावून बघायची. जोएल तिच्याशेजारी बसायचा आणि अखंड बडबडायचा, तिला काही कळत नाही याचं त्याला काहीच नव्हतं. मी यामच्या कंदांच्या, शिंपल्यांच्या, माशांच्या नावांवरून अक्षरं शिकवते. पोरं टाळ्या वाजवत म्हणतात. लिनेट टाळ्या वाजवायची, तोंड मिटलेलं. सुरुवातीला इंग्रजीत काहीतरी विचारायची. मी जमेल तसं उत्तर द्यायचे. मग विचारणं थांबलं. मग टाळ्याही थांबल्या.

पुढे पुढे ती वर्गात एक अक्षर बोलेना. भूक लागली तरी नाही, बाहेर जायचं असलं तरी नाही. नुसती माझ्याकडे बघत राहायची, आणि मला ओळखावं लागायचं.

लेविया मागच्या कोपऱ्यात बसून लिहायची. कोणतं पोर कुठे अडतं, कोण दुसऱ्याला सांगतं, सगळं. मी लिनेटला काही विचारलं की मात्र तिची पेन्सिल जागच्या जागी थांबायची. लिनेट खाली बघायची, आई कागदाकडे बघायची, आणि मी पुढच्या पोराकडे वळायचे. त्या वेळी वर्गात हवा नाही असं वाटायचं.

मासोए रानात जाताना रोज खिडकीशी थांबायचा, हातात कोयता. "काय म्हणते आमची विद्यार्थिनी?"

"चाललंय," मी म्हणायचे.

"बोलली का काही?"

"तू तुझ्या रानात जा ना."

एक दिवस मधल्या सुट्टीत मीच लेवियाला म्हटलं, "बस झालं. काढ तिला वर्गातून. पोर आजारी पडेल."

"आणि गावाला काय सांगू? तुमच्या पोरांना चालतं ते माझ्या पोरीला चालत नाही?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"ओरडत नाही."

"ओरडते आहेस. आणि ऐक. तुम्ही येता, बसता, लिहिता, जाता. पुढच्या वर्षी या वर्गात मीच असते. तुझ्या या भानगडीत माझ्या शिकवण्याचं नाव खराब झालं तर आईबाप पोरं काढून पलीकडच्या गावात घालतील. ते कुठल्या प्रकरणात लिहिणार आहेस?"

ती उठून गेली. दोन दिवस आम्ही एका घरात राहून कामापुरतं बोललो.

त्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी मी लाकडं आणायला स्वयंपाकाच्या झोपडीमागे गेले, तर तिथे या दोघी मायलेकी. लिनेटच्या मांडीवर चित्रांचं पुस्तक होतं आणि ती मोठमोठ्यानं वाचत होती. इंग्रजीत. एखाद्या अस्वलाचा आवाज काढत होती, हसत होती. त्या आवाजाची पोर मी इतक्या दिवसांत पाहिलीच नव्हती. लेवियानं मला पाहिलं आणि झटकन पुस्तक मिटलं.

"शाळेपुरतं ठरलं होतं," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

मी काही म्हटलं नाही. पण यामच्या मळ्याच्या वाटेवरून मासोएची आई चालली होती, तिनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर बायका मला ऐकवूनच बोलत होत्या, "दिवसा शिडी, संध्याकाळी विमान. बरं जमतं बाई."

चीफचा निरोप आला. शुक्रवारी पुन्हा नाकामाल. कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. लेवियाचा चेहरा उतरला. अर्धं सत्र होऊन गेलं होतं. आता परवानगी काढून घेतली असती तर सगळं काम पाण्यात. ब्रॉन्विनबाईंशी बोलायला ती गुरुवारी दुपारी डोंगरावर गेली.

गुरुवारी दुपारी ओहोटी होती. ओहोटीला प्रवाळाचा कठडा उघडा पडतो आणि जेवणाच्या सुट्टीत पोरं शिंपले वेचायला त्यावर धावतात. आम्हीही धावायचो. कुठे पाय ठेवायचा, कधी परतायचं, हे आमच्या पोरांना चालता येतं तेव्हापासून माहीत असतं. लिनेट रोज वर्गाच्या पायरीवर बसून राहायची. त्या दिवशी ती जोएलच्या मागोमाग गेली.

मी फळा पुसत होते. पोरं ओरडत परत येताना ऐकली, पण ओरडण्यात काहीतरी वेगळं होतं. बाहेर आले. वारा उठला होता, पाणी भरायला लागलं होतं. सगळी पोरं काठावर, आणि लिनेट एकटी लांब, एका काळ्या उंचवट्यावर. तिच्या आणि आमच्या मध्ये खोल चर आहे. ओहोटीतही तिथे ठाव लागत नाही. पोरं नेहमी चराला वळसा घालून डोंगराच्या बाजूनं येतात.

मी धावत पाण्यापर्यंत गेले आणि हात पुढे केला. तिनं माझा हात पाहिला आणि सरळ माझ्या दिशेनं पाऊल टाकलं. सरळ चराकडे.

"डोंगराकडून! डोंगराकडून ये!" मी ओरडले.

आमच्या भाषेत डावं-उजवं कुणी म्हणत नाही. डोंगराकडे आणि समुद्राकडे, एवढंच म्हणतात. जोएलही तेच ओरडत होता. सगळी पोरं तेच ओरडत होती. लिनेट थांबली, सगळ्यांकडे बघितलं, मग वर डोंगराकडे बघितलं, जणू तिथे काही दिसायचं आहे, आणि पुन्हा पाऊल उचललं. मी बिस्लामातही काहीतरी ओरडले असेन, पण घाबरल्यावर तोंडात आपलीच भाषा येते. एक लाट आली आणि तिच्या गुडघ्यांवर फुटली. मी पाण्यात शिरले. मला पोहता येतं, पण त्या चरातून मूल घेऊन येणं माझ्यानं झालं नसतं, आणि ते मला माहीत होतं.

मासोए जवळच त्याची होडी दुरुस्त करत होता. तो धावत आला, मला बाजूला सारलं आणि उभा राहिला. ओरडला नाही. मळ्यावरची मालकीणबाई आपल्या नातीशी बोलायची, तसा तो इंग्रजीत बोलला, मोठ्यानं पण शांतपणे.

"खाली बस, बाळा. तिथेच. शाब्बास. दोन्ही हातांनी दगड धर. मी येतोय, मला बघत राहा."

लिनेट बसली. दगड धरला. तो पाण्यात शिरला, चर पोहून गेला, आणि पुढची लाट तिच्या डोक्यावरून जायच्या आत तिच्यापाशी पोचला. तिला खांद्यावर बसवून तो डोंगराच्या बाजूनं वळसा घालून आला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

लेविया डोंगरावरून पळत आली ती तेव्हाच. कुणीतरी हाक मारली असावी. तिच्या पायातून रक्त येत होतं. मासोएनं लिनेटला वाळूत उतरवलं, आणि ती पोर बोलायला लागली. इंग्रजीत, न थांबता. काय काय म्हणाली ते मला सगळं कळलं नाही; निळा मासा होता, बूट गेला, तिनं हाका मारल्या पण कुणी ऐकलं नाही, ते सगळे काय म्हणत होते? कितीतरी दिवस पोटात साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. आणि ती ते आईला सांगत नव्हती. मासोएचं बोट धरून त्याला सांगत होती. तो "हो बाळा, हो बाळा" करत होता. लेविया दोन हातांच्या अंतरावर उभी होती, ओलीचिंब पोर समोर होती, आणि तिला पुढे होता येईना.

मला वाटलं आता मासोए बोलणार. त्याची वेळ होती. तो फक्त म्हणाला, "उद्या नाकामालात भेटू," आणि होडीकडे गेला.

रात्रभर लिनेटला थोडा ताप होता. लेविया उशाशी बसून होती.

शुक्रवारी नाकामालात दाराशी बायकांना बसायला जागा उरली नाही. लेवियानं कुणाला बोलू दिलं नाही, आधी तीच उठली.

"मी घरी पोरीला इंग्रजी वाचून दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. आणि मी ते बंद करणार नाही."

कुजबुज झाली. चीफनी हात वर केला.

"मला भीती वाटते," लेविया म्हणाली. "मी मेलबर्नला गेले तेव्हा माझी जीभ अडायची. समोरचा हसला नाही तरी हसल्यासारखा वाटायचा. तिचं तसं होऊ नये असं मला वाटतं. मासोएला जोएलबद्दल जे वाटतं तेच. मी इथे येऊन तुम्हाला सांगत होते, घाबरू नका. आणि मीच घाबरलेली होते. डोरीनताईच्या वर्गात पोरं वाचायला लागलीत, ते मी डोळ्यांनी बघितलंय, ते खोटं नाही. पण हेही खोटं नाही."

मग चीफ तारिमासू म्हणाले, "हे तू तुझ्या पुस्तकात लिहिणार आहेस?"

लेविया म्हणाली, "लिहीन, आबा."

"मासोए, तुझं काय?"

मासोए बसूनच बोलला. "तिनं काय लिहायचं त्याच्याशी मला देणंघेणं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, जे लिनेटला वाचून दाखवते ते जोएललाही दाखव. सगळ्या पोरांना. शाळा सुटल्यावर. तुझ्या झोपडीमागे नको, इथे सगळ्यांसमोर."

मला वाटलं होतं लेविया लगेच हो म्हणेल. पण ती हळूच म्हणाली, "असं केलं तर माझं काम मोडतं, दादा. पोरांना वाचता आलं ते डोरीनताईच्या शिकवण्यानं की माझ्या, हे मग कुणालाच सांगता येणार नाही. सबंध सत्राची मेहनत वाया जाईल."

"आम्हाला कुठे कुणाला सांगायचंय? पोरांना आलं म्हणजे झालं."

लोक हसले, पण या वेळी हसण्यात बोच नव्हती. लेविया हसली नाही. ती खाली बघून उभी होती. तिच्या तीन वर्षांच्या अभ्यासाचा निकाल तिथे, त्या धुरकट नाकामालात, तिनंच लावायचा होता. चीफ तिच्या मदतीला आले नाहीत. कुणीच आलं नाही.

"वाचून दाखवते," ती शेवटी म्हणाली. "सोमवारपासून."

आमच्याकडे दारातून बाई बोलत नाही. त्या दिवशी मी बोलले. "पण सकाळी माझ्या वर्गात आपलीच भाषा राहील. त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. खिडकीत येऊन उभंही राहायचं नाही. दुपारी काय वाटेल ते वाचा."

चीफनी मान वळवून मासोएकडे पाहिलं. "ऐकलंस का रे?"

"ऐकलं," मासोए म्हणाला. "ही शाळेत असतानाही अशीच होती."

लेवियानं ब्रॉन्विनबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, विषय बदल. जुन्यातलं फार थोडं वापरता येईल. आणखी एक सत्र लागेल. लेवियानं मग पोरांच्या वाचनाऐवजी आईबापांच्या भीतीवर लिहायचं ठरवलं. मासोएशी बोलली, आबेलशी बोलली. आबेल पहिल्यांदा म्हणाला, मला मध्ये ओढू नका. नंतर तीन दुपारी तोच बोलत होता आणि ती लिहीत होती.

दुपारी वडाखाली वाचन चालायचं. लिनेट आता मोठ्यांदा वाचायची आणि जोएल तिच्या मागून म्हणायचा, अर्धं चुकीचं. सकाळी वर्गात मात्र ती गप्पच होती. मग एकदा जोएलनं तिचा खडू घेतला, तर ती त्याला आमच्या भाषेत बोलली. शिवी दिली. त्याच्याकडूनच शिकलेली, आणि उच्चार इतका स्वच्छ की सगळा वर्ग दोन क्षण थक्क झाला आणि मग कोसळला हसून. मला रागवावं लागलं. लेविया मागच्या कोपऱ्यातून उठून बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं तर भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती.

सत्र संपल्यावर मायलेकी गेल्या. तोवर लिनेटला भाषा आली असं मी म्हणणार नाही. वाक्यं तुटकी होती, पण वर्गात हात वर करायची.

पदवी मिळायला लेवियाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. उत्तीर्ण झाली, गुण मध्यम. एका परीक्षकानं लिहिलं की हे संशोधन कमी आणि आत्मकथन जास्त आहे. पुढे पीएच.डी.ला जायची तिची इच्छा होती, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आता ती व्हिलाला शिक्षण खात्यात आहे. लिनेट तिथे इंग्रजी शाळेत जाते. काल्तांगचा तो हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर लेवियाचाही होता. ती ते कुणापासून लपवत नाही. आपल्या पोरीला इंग्रजी यावं असं आपल्यालाही वाटतं, हेच प्रबंधाचं पहिलं वाक्य आहे, म्हणते. मी तो वाचलेला नाही, त्यातलं इंग्रजी मला जड जातं.

लेविया गेल्यावर दुपारचं वाचन बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढच्या सोमवारी शाळा सुटली, पोरं वडाखाली जाऊन बसली, आणि मासोए तिथे आला. त्याला वाचता येतं ते मळ्यावरचं. पाट्या, खोक्यांवरची नावं, हवामानाच्या सूचना. तेच तो शिकवतो. आबेल शेजारी बसून ऐकतो आणि उच्चार चुकला की त्याला टोकतो. पाऊस असला की सगळे माझ्या वर्गात येतात.

काल पाऊस होता. मासोए दारात येऊन उभा राहिला, आत पाय टाकला नाही.

"डोरीन, खडू दे."

"घे. आणि फळा पुसून ठेव. सकाळी मला कोरा लागतो."

"रोज पुसतो."

"कोपऱ्यात राहतं. नीट पूस," मी म्हटलं आणि छत्री उघडून घरी निघाले.